दीडशे वर्षांपूर्वी कोण काय वाचत होतं, हे कळतं तरी कसं?

जुनं पुस्तक स्कॅन होऊन इंटरनेटवर आलं की कागदी प्रत कशाला सांभाळायची, हा प्रश्न हल्ली बऱ्याच ग्रंथालयांपुढे आहे. जागा अपुरी, कागद ठिसूळ, मागणी जवळपास शून्य. व्यवहारी माणूस म्हणेल, काढून टाका. अमेरिकेतल्या विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांबद्दल असं बोललं जाऊ लागलं, तेव्हा व्हर्जिनिया विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू स्टॉफर यांनी २०१४ साली ‘बुक ट्रेसेस’ नावाचा उपक्रम सुरू केला. ग्रंथालयाच्या साध्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या कपाटांतली जुनी पुस्तकं एकेक करून उघडायची आणि आधीच्या वाचकांनी त्यात काय सोडलंय ते बघायचं, एवढंच काम. समासात केलेली नोंद, भेट देणाऱ्याची सही, कवितेखाली कुणीतरी टाकलेली तारीख, पानांत दाबलेलं फूल.

पगारी प्राध्यापकानं लोकांच्या पुस्तकातली सुकलेली फुलं का शोधावीत, असं वाटणं साहजिक आहे. स्कॅन करताना प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत घेतात, आणि तीही शक्यतो स्वच्छ. म्हणजे मजकूर टिकतो आणि वाचकाची खूण तेवढी जाते. व्हिक्टोरियन काळाच्या अभ्यासकांना सध्या नेमकी तीच खूण हवी आहे.

हा अभ्यास नेमका कशाचा?

व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ गादीवर होती. या चौसष्ट वर्षांत ब्रिटनमध्ये जेवढा मजकूर छापला गेला, तेवढा त्याआधी कधीच छापला गेला नव्हता. साहित्याचे प्राध्यापक पूर्वी त्यातली वीस-पंचवीस नावं निवडत, डिकन्स, जॉर्ज इलियट, ब्राँटे भगिनी, हार्डी वगैरे, आणि त्यांच्या कादंबऱ्यांचा अर्थ लावत. ते काम आजही चालतंच. पण १९५७ साली रिचर्ड ऑल्टिक या अमेरिकी प्राध्यापकानं ‘द इंग्लिश कॉमन रीडर’ हा ग्रंथ लिहून वेगळाच प्रश्न मांडला. पुस्तक लिहिलं कोणी हे राहू द्या. ते विकत घेणं कोणाला परवडत होतं? दिवसाचं काम संपल्यावर वाचायला उजेड होता का? शाळेत वाचायला कोण शिकवत होतं?

या शाखेला ग्रंथेतिहास म्हणतात. पुस्तक लेखकाच्या हातून सुटून छापखाना, दुकान, लायब्ररी असं करत वाचकापर्यंत आणि शेवटी रद्दीत कसं जातं, त्याचा हा इतिहास. यात एक अडचण सुरुवातीपासून आहे. पुस्तक छापल्याची नोंद होते, विकल्याची पावती होते. वाचल्याचं मात्र काहीच उरत नाही. माणूस वाचतो, पुस्तक मिटतो आणि झोपतो.

म्हणून अभ्यासक आडवाटेनं जातात. त्यातली पहिली वाट पैशाची.

एका कादंबरीला आठवड्याची मजुरी

तेव्हाचं नाणं आधी समजून घेऊ. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड आणि एकवीस शिलिंगांची एक गिनी. नवी कादंबरी तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत असायची दीड गिनी, म्हणजे साडेएकतीस शिलिंग. वॉल्टर स्कॉटच्या १८२१ सालच्या एका कादंबरीपासून ही किंमत रुळली आणि पुढची सत्तरेक वर्षं जवळजवळ हलली नाही. कुशल कारागिराची आठवड्याची कमाई साधारण तेवढीच होती. घरभाडं, पाव, कोळसा सोडून कोणी आठवड्याचा पगार कादंबरीवर उधळेल का?

अर्थातच नाही. आणि प्रकाशकांनाही ते ठाऊक होतं. त्यांचं खरं गिऱ्हाईक माणूस नव्हताच मुळी, लायब्ररी होती.

तीन खंडच का?

चार्ल्स एडवर्ड मडी या लंडनच्या पुस्तकविक्रेत्यानं १८४२ साली वर्गणीवर पुस्तकं द्यायला सुरुवात केली. वर्षाला एक गिनी भरायची आणि एका वेळी एक खंड घरी न्यायचा. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास लायब्ऱ्या दिवाळी अंकांची योजना काढतात, तसाच हा प्रकार. एकदा वर्गणी भरा, अंक न्या, वाचून परत करा, पुढचा न्या. फरक इतकाच की मडीची योजना बारमाही होती आणि तिथे प्रत्येक अंकाचे जणू तीन तुकडे केलेले होते. एक वर्गणीदार पहिला तुकडा वाचत असताना दुसरा तुकडा दुसऱ्याच्या आणि तिसरा तिसऱ्याच्या घरी. एकाच कादंबरीवर एकाच वेळी तीन वर्गण्या वसूल. आणि ज्याला कथेचा शेवट लगेच हवा, त्यानं जास्तीची वर्गणी भरून एका वेळी जास्त खंड न्यावेत.

मडी प्रकाशकांकडून घाऊक सवलतीत शेकडो प्रती उचलत असे, गाजलेल्या लेखकाच्या तर हजारांनी. साधारण कादंबरीची पहिली आवृत्ती हजार प्रतींच्या आतबाहेरची. म्हणजे या एका माणसाची ऑर्डर आली तर प्रकाशकाचा खर्च निघाला, नाही आली तर बुडाला. लंडनमधल्या न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्याचं मोठं दालन होतं. तिथून रेल्वेनं गावोगाव पेट्या जात आणि बोटीनं परदेशातही.

कादंबरीच्या पोटावर या व्यवस्थेचा परिणाम झाला. सुमारे नऊशे पानं भरायचीच, मग गोष्टीत दम असो वा नसो. त्यातून उपकथानकं आली. मृत्युपत्र हरवून तिसऱ्या खंडात सापडू लागलं. एकेका शब्दाचे संवाद आले, कारण संवादानं पान लवकर भरतं. पहिल्या दोन खंडांचा शेवट असा हवा की वाचकाला पुढच्या खंडासाठी लायब्ररीत पळावंसं वाटावं. जॉर्ज गिसिंगच्या १८९१ सालच्या ‘न्यू ग्रब स्ट्रीट’मध्ये तर तीन खंड कसेबसे भरताना पिचलेला लेखक हेच पात्र आहे, आणि ती कादंबरीही तीन खंडांतच निघाली!

व्हिक्टोरियन कादंबऱ्या इतक्या लांबलचक का, याचं उत्तर शिकवताना बरेचदा ‘त्या काळी लोकांकडे वेळ होता’ असं दिलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. बारा-बारा तास गिरणीत राबणाऱ्यांकडे कसला आलाय वेळ? लांबीचं कारण मोठ्या प्रमाणावर हिशेबाच्या वहीत सापडतं.

लायब्ररीला चालेल तेच लिहा

मडीनं आपल्या लायब्ररीला ‘निवडक’ हे विशेषण लावलं होतं. निवड करणारा तोच, आणि निकष काय, तर घरातल्या तरुण मुलीच्या हाती निःशंकपणे देता येईल असं पुस्तक. जॉर्ज मूर या लेखकाची १८८३ सालची कादंबरी मडीनं पुरेशी घेतली नाही. मूर जाब विचारायला गेला, तेव्हा खेड्यातल्या दोन बायकांनी तक्रारीची पत्रं पाठवल्याचं कारण त्याला सांगण्यात आलं, असं मूरनंच पुढे लिहिलंय. चिडून त्यानं पुढची कादंबरी थेट एकाच खंडात, सहा शिलिंगांना बाजारात आणली आणि १८८५ साली लायब्ऱ्यांच्या या दादागिरीवर जहाल पत्रक काढलं.

मासिकं आणि साप्ताहिकंही तितकीच सोवळी. थॉमस हार्डीची ‘टेस’ १८९१ साली ‘ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकात क्रमशः येत होती. त्यात रस्त्यावर पाणी साचलंय, चर्चला निघालेल्या चार गवळणी अडकल्या आहेत आणि नायक एंजल एकेकीला उचलून पलीकडे नेतो, असा प्रसंग आहे. नायिका टेसचा नंबर शेवटी लागतो आणि तो क्षण कथेला हवा असतो. साप्ताहिकाच्या वाचकांना हे झेपणार नाही म्हणून हार्डीला बदल करावा लागला. तिथे एंजल मुलींना एकचाकी हातगाडीत बसवून ढकलत नेतो. पुस्तक निघालं तेव्हा हार्डीनं गाडी काढली आणि मुलींना परत नायकाच्या हातांवर दिलं. साप्ताहिकात ‘टेस’ वाचणाऱ्यांनी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक घेणाऱ्यांनी दुसरी. आज आपण ‘टेस’ म्हणतो तेव्हा त्यातली कुठली, हे विचारायला ग्रंथेतिहासानं शिकवलं.

तीन खंडांचा खेळ पुढे लायब्ऱ्यांनाच महाग पडू लागला. स्वस्त आवृत्त्या इतक्या लवकर निघू लागल्या की महाग घेतलेले खंड पडून राहायचे. जून १८९४ मध्ये मडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन बड्या लायब्ऱ्यांनी प्रकाशकांना कळवलं की यापुढे खंडाला चार शिलिंगांपेक्षा जास्त देणार नाही आणि वर्षाच्या आत स्वस्त आवृत्ती काढायची नाही. त्या साली १८४ कादंबऱ्या तीन खंडांत निघाल्या होत्या. १८९७ मध्ये निघाल्या फक्त ४. एखादा साहित्यप्रकार इतक्या झटपट मेल्याची उदाहरणं फारशी नाहीत, आणि त्याला मारलं ते परिपत्रकानं, टीकाकारांनी नव्हे.

मग गरिबांनी काय वाचलं?

एका वेळी थोडं, आणि बरेचदा कानांनी.

डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ एप्रिल १८३६ पासून दरमहा एका शिलिंगाच्या हप्त्यांत निघाली. बत्तीसेक पानं, दोन चित्रं, पातळ रंगीत वेष्टन. सुरुवातीला काही शे प्रतींना मारामार होती. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर हा मिस्कील नोकर अवतरला आणि खप चढत गेला. शेवटी तो चाळीस हजारांच्या घरात पोचला. दीड गिनी एकरकमी देणं ज्याला जमत नाही तो महिन्याला शिलिंग काढू शकतो, हे प्रकाशकांना त्यातून कळलं.

पण मजुराला शिलिंगही जड. त्याच्यासाठी पेनीची साप्ताहिकं होती, आणि तिथला राजा होता जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. १८४४ पासून दर आठवड्याला येणारी त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ म्हणजे उमरावांचे काळे धंदे, चोरांच्या गुहा, तळघरं आणि अधूनमधून गरिबांच्या बाजूनं भाषण. १८७९ मध्ये तो वारला तेव्हा पुस्तकव्यापाऱ्यांच्या मासिकानं त्याला काळातला सर्वांत लोकप्रिय लेखक म्हटलं. आज विद्यापीठाबाहेर त्याचं नाव कोणाला माहीत नसतं.

त्याचे वाचक कसे होते, हे हेन्री मेह्यू या पत्रकारामुळे कळतं. लंडनच्या रस्त्यावर फळं-भाजी विकणाऱ्या हातगाडीवाल्यांशी तो बोलला. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. कोणीतरी एक वाचणारा असायचा आणि बाकीचे संध्याकाळी त्याच्याभोवती जमायचे. रेनॉल्ड्स त्यांच्या खास आवडीचा. आणि ते गुपचूप ऐकत नसत. चित्राखाली काय लिहिलंय ते विचारत, परके शब्द आले की अडवत. कथेत पोलीस आला रे आला की सगळे एकदम बोलू लागत, कारण पोलिसांशी त्यांचं रोजचं वाकडं. पेनीचा एक अंक किती जणांनी ‘वाचला’, हे खपाच्या आकड्यावरून काढायला गेलात तर फसाल, ते या कारणानं.

सरकारनंही भाव चढे ठेवले होते. वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्सचा मुद्रांक होता. १८३६ मध्ये तो एक पेनीवर आला आणि १८५५ मध्ये गेला. जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये उठला, कागदावरचा १८६१ मध्ये. ज्ञानावर कर बसवता काय, म्हणून चळवळीच झाल्या होत्या. कर उठल्यावर स्वस्त छपाईला कसा बहर आला ते वेगळं सांगायला नको.

पण वाचता येत होतं किती जणांना?

याचं नेहमीचं उत्तर लग्नाच्या नोंदवहीतून काढतात. इंग्लंडमध्ये लग्न लागलं की वधू-वरांनी नोंदवहीत सही करायची. सही येत नसेल तर फुली मारायची. या सह्या मोजल्या तर १८४१ साली सुमारे दोनतृतीयांश पुरुष आणि निम्म्या बायका सही करत होत्या. १९०० साली दोघांचंही प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास गेलं.

आकडा घट्ट वाटतो, पण त्याला भोकं आहेत. त्या काळी मुलांना आधी वाचायला शिकवत आणि लिहायला मागाहून. कित्येक रविवारच्या शाळांमध्ये तर देवाच्या वारी लिहिणं म्हणजे काम केल्यासारखं होईल, म्हणून लिहायला शिकवतच नसत. बायबल वाचू शकणारी पण फुली मारणारी मुलगी या मोजणीत निरक्षर ठरते. उलट बाजूनं, लग्नापुरती स्वतःचं नाव गिरवायला शिकलेला तरुण साक्षर ठरतो. शिवाय नोंदवही लग्नाच्या वयाच्या माणसांचीच, म्हातारे तिच्यात नाहीत. अभ्यासक आकडा वापरतात आणि लगेच पुढच्या ओळीत या अटी घालतात. वैताग येतो, पण तीच प्रामाणिक रीत.

वाचन मागे काय ठेवतं?

चिमूटभर, पण ठेवतं.

त्या काळातली बरीच पुस्तकं न कापलेल्या पानांची येत. छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवलेला, कडा जोडलेल्याच. वाचकानं सुरीनं एकेक घडी कापत पुढे जायचं. त्यामुळे आज एखादी प्रत हातात आली आणि साठाव्या पानानंतर घड्या तशाच असल्या, तर त्या मालकानं तिथेच हात टेकले हे निश्चित. (त्याच पानापर्यंत तुम्हीही कंटाळला असाल तर जरा बरं वाटतं.) मात्र ग्रंथालयानं पुस्तक नव्यानं बांधून घेतलं असेल तर कडा छाटल्या जातात आणि पुरावा बाईंडरच्या टोपलीत.

मग रोजनिशा, पत्रं, आत्मचरित्रं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९९६ मध्ये एक संग्रह सुरू झाला. १४५० ते १९४५ या काळात कोणी, कधी, कुठे, काय वाचलं याची जिथे जिथे लेखी नोंद सापडेल ती त्यात घालायची. तीस हजारांहून अधिक नोंदी जमल्या. जोनाथन रोझ यांनी २००१ साली कामगारांच्या आत्मचरित्रांवरून मोठा ग्रंथ लिहिला. विणकर, खाणकामगार, घरकाम करणाऱ्या मुली काय वाचत आणि त्यातून काय घेत, हे त्यात त्यांच्याच तोंडून येतं. कार्लाइल किंवा शेक्सपिअर वाचून डोकं गरगरल्याचं सांगणारे खाणकामगार भेटतात, तेव्हा ‘गरिबांना हलकंफुलकंच लागतं’ हा समज ढिला पडतो.

यावर हरकत घेतली जाते आणि ती बरोबर आहे. आत्मचरित्र लिहिणारा कामगार हा चारचौघांसारखा नसतोच. पुस्तकांनी आयुष्य बदललं असं वाटणाराच लिहायला बसतो. ज्याला पुस्तकानं काहीच केलं नाही, तो गप्प राहतो. रोझ यांचं पुस्तक मला आवडतं, तरी त्यातल्या वाचकांना मी ‘कामगारवर्ग’ म्हणणार नाही. ते कामगारवर्गातले पुस्तकवेडे होते.

गोष्टीरूप पुराव्यांशीही जपून राहावं लागतं. डिकन्सच्या हप्त्यांनी येणाऱ्या कादंबरीतली लिटल नेल ही मुलगी जगली की मेली, हे विचारायला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर गर्दी जमली आणि लोकांनी पुढचा हप्ता घेऊन येणाऱ्या बोटीकडे पाहून ओरडून विचारलं, ही हकिकत शंभर ठिकाणी छापलेली आढळते. तेव्हाचा भक्कम पुरावा तिला नाही. अभ्यासक तिला दंतकथा मानतात.

आणि पुस्तकांचा उपयोग वाचण्यापलीकडे किती होता! लीआ प्राइस यांनी २०१२ साली यावरच ग्रंथ लिहिला. न्याहारीच्या टेबलावर बायकोशी बोलायचं टाळायला वर्तमानपत्र उभं धरणारा नवरा, नोकरांच्या हाती सोपवलेली आणि त्यांनी न उघडलेली धार्मिक पत्रकं, आणि शेवटी रद्दी. मेह्यूला भेटलेले रद्दीवाले बायबलपासून संसदेच्या अहवालांपर्यंत सगळं वजनावर घेत आणि चीज, लोणी, मांस विकणाऱ्यांना बांधायला देत. छापलेल्या प्रतींचा आकडा बघताना हा लोण्याचा कागदही त्यातच आहे, हे विसरून चालत नाही.

‘हे सगळं आता संगणक करेल ना?’

काही भाग करतोच. जॉन सदरलँड यांच्या अंदाजानुसार या काळात साठ हजारांच्या आसपास कथात्मक पुस्तकं निघाली. एका जन्मात कोण वाचणार? फ्रँको मोरेत्ती यांनी सुचवलं की वाचूच नका, मोजा. शीर्षकांची लांबी, प्रकारांची चढउतार, कुठला शब्द कधी वाढला. याला ‘दुरून वाचन’ म्हणतात. जुन्या वर्तमानपत्रांची लाखो पानं आज शब्द टाकून शोधता येतात, तेव्हा पूर्वी आयुष्य खाणारं काम दुपारभरात होतं.

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, पुसट छपाईतली अक्षरं यंत्र चुकीची वाचतं आणि जे चुकीचं वाचलं ते शोधात येत नाही. दोन, स्कॅन होतं ते सहसा बांधलेलं पुस्तक. डिकन्सच्या मासिक हप्त्यांना रेनकोटाच्या, औषधी गोळ्यांच्या जाहिरातींची पानं जोडलेली असत. बांधणी करताना ती आणि वेष्टनं फेकली गेली. १८५३ सालचा वाचक ज्या जाहिराती उलटत कथेपर्यंत पोचला, त्या स्कॅनमध्ये नाहीत.

कधी कधी एकच कागदी संच शेकडो संगणकी तर्कांवर भारी पडतो. तेव्हाच्या नियतकालिकांत बहुतेक लेख निनावी असत. वॉल्टर हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशकांच्या हिशेबवह्या आणि पत्रं धुंडाळून मोठमोठ्या मासिकांतल्या लेखांचे लेखक हुडकले. ती सूची १९६६ ते १९८९ या काळात पाच खंडांत निघाली. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातले निनावी लेखक मात्र अंधारात होते. २०१५ मध्ये एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे असा संच असल्याचं जाहीर झालं, ज्यात लेखाशेजारी लेखकाचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. त्या साप्ताहिकाच्या स्कॅन केलेल्या प्रती आधीपासून होत्याच. पेन्सिल मात्र याच संचात.

‘इंग्रजांच्या वाचनाशी आपला काय संबंध?’

बराच आहे, कारण ती पुस्तकं इथे येत होती. मॅकमिलन कंपनीनं १८८६ मध्ये वसाहतींसाठी वेगळी स्वस्त मालिका काढली, आणि हिंदुस्थान ही तिची मोठी बाजारपेठ होती. प्रिया जोशी यांनी २००२ सालच्या पुस्तकात इथल्या ग्रंथालयांच्या याद्या आणि भाषांतरं तपासली. राज्यकर्त्यांना वाटत होतं, नेटिव्हांनी उत्तम वाङ्मय वाचून सुधारावं. इथल्या वाचकांनी डोक्यावर घेतला तो रेनॉल्ड्स! इंग्लंडमधल्या सभ्य टीकाकारांनी ज्याला दारात उभं केलं नाही तो. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली आली, ती रेनॉल्ड्सच्याच कादंबरीच्या आधारानं. पुढे १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यात हप्त्याहप्त्यानं दिली. मराठी कादंबरीच्या उगमाशी स्कॉट-डिकन्सना बसवायची आपल्याला हौस असते. त्या पंगतीत पेनीवाल्या रेनॉल्ड्सलाही पाट मांडावा लागेल.

पुराव्याच्या बाबतीत तर मुंबई इलाखा एका अर्थानं इंग्लंडच्या पुढे आहे. १८५७ नंतर सरकारला इथल्या छापखान्यांवर नजर हवी होती. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची झाली आणि दर तिमाहीला याद्या निघू लागल्या. त्यांत नाव, भाषा, लेखक, छापखाना, पानं, किंमत यांच्याबरोबर एक रकाना आहे, छापलेल्या प्रतींचा. इंग्लंडमध्ये हा आकडा काढायला प्रकाशकांच्या जुन्या वह्या शोधाव्या लागतात, आणि त्या कित्येकदा नष्ट झालेल्या असतात. इथे पाळत ठेवणाऱ्या सरकारनं तो आपणहून लिहून ठेवला. शंकर गणेश दात्यांसारख्या सूचिकारानं मराठी ग्रंथांचा पसारा लावून दिलेला असल्यामुळे या याद्या आणि सूची शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ काम करता येण्यासारखं आहे.

प्रतींच्या पुढे गेलं की मात्र तीच जुनी अडचण. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा संस्थांची देवघेवीची जुनी वही हाती आली, तरी तिच्यात नाव असणार वर्गणीदाराचं, आणि वर्गणीदार बहुधा घरचा पुरुष. पुस्तक घरी गेल्यावर माजघरात कोणी वाचलं, कोणी चोरून वाचलं, कोणी वाचून दाखवलं, ते वही सांगत नाही. मडीच्या वर्गणीदारांच्या घरांबद्दलही हेच कोडं आहे. त्याचं उत्तर शोधायला रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींसारखी पुस्तकं कामी येतात. लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली, आणि घरातल्या इतर बायकांना ते कसं खपलं नाही, हे त्यांनी तपशिलानं लिहिलंय. अर्थात रोझ यांच्या खाणकामगारांना लावली तीच कसोटी इथेही लावायला हवी. न्यायमूर्ती रानड्यांचं घर म्हणजे सदाशिव पेठेतलं कुठलंही घर नव्हे.